ई-११ चा कप्तान : मार्टिन नॅस्मिथविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या गॅलिपोली मोहिमेवरील, म्हणजे पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये तुर्कस्तानविरुद्ध झालेल्या मोहिमेवरील लेखात ब्रिटिश पाणबुडी ई-११ आणि तिचे कप्तान मार्टिन नॅस्मिथ यांचा उल्लेख दोन ओळींत आटोपला होता. त्यावर बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून आमच्या नौदल-इतिहास मंडळाने उत्तरे दिली आहेत.

त्या काळी पाणबुडीवरचा अधिकारी कुठून यायचा? वेगळी भरती असायची का? (सांगली)

वेगळी भरती नव्हती. आधी सगळे साध्या आरमारातच. नॅस्मिथ यांचा जन्म १ एप्रिल १८८३ चा, लंडनजवळच्या बार्न्सचा. १८९८ मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, ते डार्टमथच्या ‘ब्रिटानिया’ या शिक्षण-जहाजावर दाखल झाले. तिथून मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून युद्धनौकांवर उमेदवारी केली आणि १९०४ मध्ये स्वतःहून पाणबुडी शाखेत गेले. ब्रिटिश आरमाराची पहिली पाणबुडी ‘हॉलंड-१’ ऑक्टोबर १९०१ मध्ये पाण्यात उतरली होती. म्हणजे शाखा जेमतेम तीन वर्षांची होती आणि तिथे शिकवणारेही अजून शिकतच होते.

प्रशिक्षण पोर्ट्समथसमोर गॉस्पोर्टच्या फोर्ट ब्लॉकहाउसमध्ये व्हायचे. भत्ता जादा मिळे, पण खरे आकर्षण निराळे होते. मोठ्या युद्धनौकेवर लेफ्टनंटला स्वतःच्या हुकमतीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. इथे बाविशीतच स्वतःची बोट हाती यायची. मधून मधून मात्र पाणबुडीवरच्या अधिकाऱ्याला मोठ्या जहाजांवर परत पाठवत, कारण बढतीच्या वेळी तो अनुभव मोजला जाई. तरुणांना हे नकोसे वाटायचे. आमच्या मते नियम योग्य होता: ज्याला युद्धनौकेच्या ब्रिजवरून, म्हणजे कप्तान उभा राहतो त्या मंचावरून, समुद्र कसा दिसतो हे ठाऊक आहे, तोच तिच्यावर पाण्याखालून नेम धरू शकतो.

१९०५ मध्ये त्यांची बोट बुडाली होती, हे खरे का? मग नोकरी कशी टिकली? (डोंबिवली)

खरे आहे. बोट होती ए-४ आणि तारीख १६ ऑक्टोबर १९०५. पाण्याखालून घंटेच्या आवाजाने संदेश पाठवण्याचे प्रयोग चालू होते. हवेच्या एका नळीवाटे पाणी आत आले, नाक खाली गेले आणि बोट सुमारे ९० फुटांपर्यंत घसरली. आत अंधार, आणि बॅटरीपर्यंत खारे पाणी गेल्याने क्लोरीन. नॅस्मिथ आणि त्यांचे दुय्यम अधिकारी गॉडफ्री हर्बर्ट यांनी बोट बुडवण्यासाठी भरायच्या टाक्यांतले पाणी दाबाच्या हवेने बाहेर काढून बोट वर आणली. माणसे वाचली, बोट मात्र नंतर ओढून नेताना बुडाली. पुढे ती काढली गेली.

कोर्टमार्शल झाले, ठपका बसला, पण कारकीर्द संपली नाही. आरमाराने दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या: नळी उघडी राहिली ही चूक, आणि अंधारात, विषारी वायूत, नाकावर कललेल्या बोटीत टाक्या योग्य क्रमाने रिकाम्या केल्या ही लायकी. हर्बर्ट यांच्या वाट्याला असाच प्रसंग जानेवारी १९१७ मध्ये के-१३ ही पाणबुडी बुडाली तेव्हा पुन्हा आला.

बॅटरीत खारे पाणी गेले की क्लोरीन का होतो? (नागपूर)

शिसे-आम्लाच्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते आणि समुद्राच्या पाण्यात क्लोराइड. दोन्ही एकत्र आली आणि त्यांतून वीज वाहिली की क्लोरीन सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने आधी खालच्या भागात साचतो. दुसरा धोका नेमका उलटा: बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो, तो छताला जमतो आणि ठिणगीने पेट घेतो. म्हणून पृष्ठभागावर बॅटरी भरताना पंखे चालूच ठेवावे लागत, आणि चार्जिंग अर्धवट टाकून डुबकी मारायची वेळ आली तर उरलेला वायू आतच राही.

ई-११ किती मोठी होती? (रत्नागिरी)

लांबी सुमारे १८१ फूट. पृष्ठभागावर वजन ६६० टनांच्या आसपास, बुडाल्यावर ८०० टन. माणसे तीस. ८०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने, पाण्याखाली विजेच्या मोटारी. १८ इंची पाणतिराच्या (टॉर्पेडोच्या) पाच नळ्या: पुढे दोन, मागे एक आणि दोन्ही कुशींना एकेक. पाणतीर एकूण दहा. वेग वर १५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), खाली ९ ते १०.

डार्डनेल्सची सामुद्रधुनी पाण्याखालून पार करणे एवढे अवघड का होते? सुरुंगांमुळेच ना? (पुणे)

डार्डनेल्स ही एजियन समुद्रातून मार्मारा समुद्रात, म्हणजे इस्तंबूलकडे, नेणारी तुर्कांच्या ताब्यातली अरुंद वाट. सुरुंग हे एकच कारण नव्हे. त्यांच्या खालून जाता यायचे. ते तळाशी दोराने बांधून पृष्ठभागापासून काही मीटरवर ठेवलेले असत. ८०-९० फुटांवर गेले की डोक्यावरून जात. दोर मात्र बोटीच्या अंगाला घासत जायचे आणि तो आवाज आत सगळ्यांना ऐकू यायचा.

खरी अडचण बॅटरीची. हिशेब मांडून पाहा. ई-वर्गाची बोट पाण्याखाली ५ नॉटने सुमारे ६५ सागरी मैल जायची, म्हणजे १३ तास. सामुद्रधुनी ६१ किलोमीटर, म्हणजे ३३ सागरी मैल. वरवर पाहता निम्म्या बॅटरीत काम होते. पण मार्माराचे पाणी एजियनकडे वाहते आणि पाणबुडीला त्याच्या विरुद्ध जायचे. सरासरी २ नॉटचा विरोध धरला तर ५ पैकी ३ नॉट हाती राहतात. १३ तासांत ३९ मैल. शिल्लक ६ मैल, म्हणजे दोन तास. अरुंद जागी, चनाक्कलेपाशी, प्रवाह ४ नॉटच्याही वर जातो. तिथे ५ नॉटने रेटले तर बोट जवळजवळ जागीच राहते. वेग वाढवावा तर बॅटरी वेगाच्या प्रमाणात नव्हे, त्याच्या कितीतरी पट भराभर उतरते. पूर्ण वेगाने ती तासाभरात संपते.

म्हणून सगळी युक्ती वेळापत्रकात होती. अंधारात पृष्ठभागावर डिझेलवर जितके आत शिरता येईल तितके शिरायचे, शोधदिव्यांच्या टप्प्यात आले की बुडायचे, अरुंद भाग खोलवरून काढायचा आणि वळणापाशी स्थान पक्के करण्यापुरता पेरिस्कोप वर काढायचा. हे वर येणे टाळता येत नव्हते. खोलवर फक्त होकायंत्र आणि घड्याळ. प्रवाहाने किती आडवे ढकलले हे कळायला काहीच साधन नाही. थिओडोर ब्रोडी यांची ई-१५ याच पाण्यात १७ एप्रिल १९१५ रोजी केपेझच्या टोकाशी जमिनीवर चढली. ब्रोडी मारले गेले आणि वाचलेले कैद झाले. त्यानंतर २५ एप्रिलला हेन्री स्टोकर यांची ऑस्ट्रेलियन एई-२ आणि २७ एप्रिलला एडवर्ड बॉइल यांची ई-१४ आत पोचली. नॅस्मिथ १९ मेच्या पहाटे निघाले. निघण्याआधी त्यांनी बॉइल यांच्याकडून मार्गाची बारीकसारीक माहिती घेतली. यशाचा मोठा वाटा त्या चौकशीत आहे.

बोट अचानक वर उसळायची किंवा खाली बसायची असे वाचले. बिघाड होता का? (मडगाव)

बिघाड नव्हता, पाणीच दोन थरांचे होते. काळ्या समुद्राकडून येणारे कमी खारे, हलके पाणी वरून एजियनकडे वाहते. भूमध्याचे जास्त खारे, जड पाणी खालून उलट दिशेने जाते. मार्माराच्या बाजूला दोन्हींच्या घनतेत एक टक्क्याहून थोडा जास्त फरक असतो. ८०० टनांच्या बोटीला याचा अर्थ नऊ टनांच्या आसपास. वरच्या पाण्यात अचूक तोललेली बोट खालच्या थरात शिरली की एकदम नऊ टनांनी ‘हलकी’ होते आणि वर फेकली जाते. तिला खाली नेण्यासाठी टाक्यांत पाणी घेतले आणि ती पुन्हा वरच्या थरात आली, तर तेवढ्याच वजनाने दगडासारखी खाली जाते. एई-२ चा ताबा ३० एप्रिलला असाच सुटला. नाक पृष्ठभागावर उघडे पडले, तुर्की नौकेचे गोळे लागले आणि स्टोकर यांना बोट बुडवून शरण जावे लागले.

कप्तानाला यावर उपाय दोनच. थर ओलांडताना थोडा वेग ठेवायचा, म्हणजे आडव्या पंखांना, ज्यांना हायड्रोप्लेन म्हणतात, पकड मिळते. आणि टाक्यांतले पाणी एकदम न घेता थोडे थोडे घ्यायचे.

याच थराचा फायदाही होता. बोट वरच्या पाण्यासाठी किंचित जड करून सोडली की ती खाली जाऊन जड थरावर अलगद टेकते आणि मोटारी बंद करून तिथेच तरंगत राहते. बॅटरी खर्च होत नाही, आवाज नाही, माणसांना झोप मिळते. मार्मारातल्या पाणबुड्यांनी हे विसाव्याचे ठिकाण भरपूर वापरले.

संगणक नसताना पाणतिराचा नेम कसा धरत? (ठाणे)

पाणतीर त्या वेळी नळीच्या रोखानेच सरळ जायचा, म्हणून नेम म्हणजे अख्खी बोट वळवणे. कप्तानाला तीन गोष्टी ठरवाव्या लागत: अंतर, लक्ष्याचा वेग आणि त्याची दिशा. तिन्ही अंदाजाने, आणि पेरिस्कोप काही सेकंदच वर.

अंतर डोलकाठीवरून. तिची उंची ३० मीटर धरली आणि ती २ अंशांत दिसली तर अंतर सुमारे ८६० मीटर. तीच काठी प्रत्यक्षात २५ मीटरची असेल तर जहाज ७१६ मीटरवर असते. म्हणून जहाजांच्या आकृत्या पाठ असाव्या लागत.

वेगाची चूक जास्त महागात पडते. समजा लक्ष्य १२ नॉटने आडवे चालले आहे, अंतर ६०० मीटर, पाणतीर ३६ नॉटचा. नेम साडेएकोणीस अंश पुढे धरावा लागतो आणि पाणतिराला साधारण ३४ सेकंद लागतात. तेवढ्यात जहाज २१२ मीटर सरकते. प्रत्यक्ष वेग १४ नॉट असेल तर ते २४८ मीटर जाते. १०० मीटर लांबीच्या जहाजाच्या मध्यावर नेम असेल तर पाणतीर मध्यापासून ३५ मीटर मागे, तरी लागतो. वेग १६ नॉट निघाला तर ७१ मीटरची चूक होते आणि तो शेपटीमागून वीस मीटरवरून निघून जातो. यावरून दिसेल की कप्तान इतके जवळ जाण्याचा धोका का पत्करत: अंतर निम्मे केले की चूकही निम्मी होते.

हा त्रिकोण डोक्यात सोडवायला वेळ पुरत नाही. त्यासाठी नॅस्मिथ यांनीच ‘इझ-वॉझ’ नावाची गोल चकत्यांची मोजपट्टी बनवली. लक्ष्याचा वेग आणि दिशा लावली की किती अंश पुढे नेम धरायचा ते वाचता येई. पुढच्या कप्तानांच्या कैक पिढ्या तिच्यावर शिकल्या. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदकाबद्दल सगळे लिहितात. आम्हाला ही चकती तितकीच मोलाची वाटते.

वाया गेलेले पाणतीर ते समुद्रातून पुन्हा उचलत, हे पटत नाही. ते बुडत नसत का? (इंदूर)

नियमाप्रमाणे बुडायलाच हवे होते. चुकलेला पाणतीर निरुपद्रवी व्हावा, असे १९०७ च्या हेग कराराचे बंधन होते. त्यासाठी धाव संपल्यावर एक झडप उघडून तो पाण्याने भरे. नॅस्मिथ यांच्याकडे दहाच पाणतीर, आणि नवे आणायचे तर तीच सामुद्रधुनी दोनदा ओलांडायची. त्यांनी झडप अशी लावली की धाव संपली तरी पाणतीर तरंगत राहावा. आतली दाबाची हवा संपल्याने तो तसाही हलका झालेला असतो.

धोका पुढे होता. नाकातला फुटणारा खटका आता सज्ज असतो आणि धक्का लागला तर पाणतीर उडतो. कोणीतरी पोहत जाऊन तो खटका हाताने सोडवायचा. पहिल्यांदा हे काम नॅस्मिथ यांनी स्वतः केले. मग पाच मीटरहून लांब आणि पाऊण टनाच्या आसपासचे ते धूड यारीने उचलून, नाक खाली कलते करून पुढच्या झाकणातून आत सरकवायचे. एवढा वेळ झाकण उघडे. शत्रू दिसला तर बुडता येत नाही. म्हणून नंतर त्यांनी दुसरी रीत काढली. टाक्यांतले पाणी कमी-जास्त करून बोट अशी कलती ठेवायची की मागच्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीला येईल, पोहणाऱ्यांनी पाणतीर ढकलत नळीत सरकवायचा, बाहेरचे दार लावायचे, नळीतले पाणी उपसायचे आणि आतून ओढून घ्यायचा. वरचे मोठे झाकण उघडावेच लागत नाही.

इस्तंबूलच्या बंदरात नेमके काय घडले? (कोल्हापूर)

२३ मे रोजी शहरासमोर ‘पेलेंक-इ-देर्या’ ही तोफनौका बुडवली. बुडता बुडता तिने मारलेला गोळा ई-११ च्या एका पेरिस्कोपच्या आरपार गेला, त्यामुळे पुढचा सगळा दौरा दुसऱ्या पेरिस्कोपवर चालला. २५ मे रोजी ते थेट बंदरात शिरले आणि शस्त्रागाराजवळ लागलेल्या ‘स्तंबूल’ जहाजावर दोन पाणतीर सोडले. एक भरकटला आणि वेडावाकडा फिरून धक्क्यापाशी फुटला. दुसरा जहाजाला लागला. परतताना प्रवाहाने बोट गरगर फिरवली आणि ती तळाला टेकली.

नुकसान एका जहाजाचे, पण शहरात घबराट पसरली आणि जहाजावर चढणारे सैन्य उतरवले गेले. समुद्रमार्गे रसद पूर्ण थांबली नाही. तिचा मोठा भाग रात्रीच्या फेऱ्यांवर आणि खुष्कीच्या लांब वाटेवर गेला.

परतीच्या वाटेवर सुरुंग बोटीला अडकला होता. तो सुटला कसा? (सातारा)

७ जून १९१५. एका मोटारीत बिघाड, एका दांड्याला भेग, म्हणून परत फिरणे भाग होते. तशाही अवस्थेत सर्वांत अवघड टप्पा ओलांडून झाल्यावर नॅस्मिथ मागे वळले आणि एक वाहतूक जहाज बुडवून आले.

त्यानंतर सामुद्रधुनीच्या अरुंद भागातल्या किलिदबहरजवळ बोटीचा तोल गेला आणि तळाला घासल्यासारखा आवाज आला. पण तिथे पाणी खूप खोल होते. नॅस्मिथ यांनी वीस फुटांवर येऊन पेरिस्कोपमधून पाहिले. समोर, सुमारे वीस फुटांवर, एक मोठा सुरुंग: त्याचा दोर डाव्या हायड्रोप्लेनमध्ये अडकला होता. त्यांनी कोणाला सांगितले नाही. किनाऱ्यावर तोफा असल्याने वर येऊन दोर कापणे शक्य नव्हते, आणि थांबलो तर प्रवाह सुरुंगाला बोटीवर आणून आपटणार. म्हणून सुमारे तीस फुटांवरून तो तसाच ओढत ते तासभर चालत राहिले.

सामुद्रधुनीबाहेर आल्यावर त्यांनी मागच्या टाक्या रिकाम्या करून शेपूट वर आणली, नाक पाण्यातच ठेवले आणि मोटारी पूर्ण वेगाने उलट्या फिरवल्या. बोट मागे सरकू लागली, मोटारींवरच्या पंख्यांनी (प्रोपेलरनी) ढकललेले पाणी पुढे धावले, दोराचा ताण उलटला आणि सुरुंग पुढच्या बाजूने गळून पडला. नाक आधी वर काढले असते तर दोरासकट सुरुंगही वर खेचला जाऊन बोटीला भिडला असता.

पोहत जाऊन रेल्वे उडवणारे तेच का? (बेळगाव)

नाही. ते त्यांचे दुय्यम अधिकारी, लेफ्टनंट गाय डॉयली-ह्यूज. ऑगस्ट १९१५ मध्ये दुसऱ्या दौऱ्यात, इझमितच्या आखातात. छोट्या तराफ्यावर गनकॉटनचा स्फोटक गठ्ठा ठेवून ते पोहत किनाऱ्याला गेले, रुळाखालच्या बांधकामाला सुरुंग लावला आणि पहारेकऱ्यांच्या गोळीबारातून पोहत परत आले. त्याच दौऱ्यात, ८ ऑगस्टला, नॅस्मिथ यांनी ‘बार्बारोस हायरेद्दीन’ ही जुनी युद्धनौका बुडवली. तिसरा दौरा नोव्हेंबर-डिसेंबर १९१५ चा, ४७ दिवसांचा. तिन्ही मिळून लहानमोठी ऐंशीहून जास्त जहाजे आणि गलबते.

युद्धानंतर त्यांचे काय झाले? मुंबईशी काही संबंध आला का? (मुंबई)

व्हिक्टोरिया क्रॉस जून १९१५ मध्ये जाहीर झाला. लगेच कमांडर, वर्षभरात कॅप्टन. तेव्हा वय तेहतीस. पुढे ‘आयर्न ड्यूक’ युद्धनौकेची हुकमत, १९२६ ते २९ डार्टमथच्या नौदल महाविद्यालयाचे प्रमुखपद, १९२९ ते ३१ पाणबुडी शाखेचे रिअर अ‍ॅडमिरल. १९३२ ते ३४ ते ईस्ट इंडीज ताफ्याचे सरसेनापती होते, आणि मुंबईसह हिंदी महासागरातली बंदरे त्याच ताफ्याच्या क्षेत्रात येत. नंतर सेकंड सी लॉर्ड हे आरमाराच्या वरिष्ठ मंडळातले पद, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला प्लिमथ व वेस्टर्न अ‍ॅप्रोचेसचे, म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेकडील सागरी वाटांचे, सरसेनापती. तिथे त्यांना जर्मन पाणबुड्यांपासून व्यापारी जहाजे वाचवायची होती. विवाहानंतर त्यांनी आडनाव डनबार-नॅस्मिथ केले, म्हणून नंतरच्या कागदांत ते त्या नावाने सापडतात. निधन २९ जून १९६५, स्कॉटलंडमधल्या एल्गिनला.

ई-११ आणि तिच्या खलाशांचे काय? (जळगाव)

पहिल्या दौऱ्याबद्दल डॉयली-ह्यूज आणि दिशाधिकारी रॉबर्ट ब्राउन यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला, आणि बाकी सगळ्या खलाशांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. बोट १९२१ मध्ये माल्टात भंगारात विकली गेली.